तेरा महिन्यांची आघाडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९९८ सालच्या लोकसभा निवडणुकीत ब्रह्मपुरीकडच्या एका खेड्यात मी मतदान केंद्राध्यक्ष म्हणून गेलो होतो. शाळेची खोली, पुठ्ठ्याचा आडोसा, मतपत्रिकांची पुस्तके आणि फुलीचा शिक्का. यंत्रे तेव्हा आपल्याकडे पोचायची होती. दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले. बांधीतून लाखोळी काढता काढता आले असावेत, धोतराला माती होती. मतपत्रिका घेऊन आडोशामागे गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले. मग डोके बाहेर काढून मला विचारले, "मास्तर, यात पंजा नाही का जी?"

मला उत्तर देता येत नव्हते. केंद्राध्यक्षाने खुणेविषयी अवाक्षरही काढायचे नसते. "बाबा, नीट बघा आणि शिक्का मारा," एवढेच म्हणालो. ते पुन्हा आत गेले. शिक्का कुठे मारला, ते त्यांनाच ठाऊक. पण त्या मतपत्रिकेवर पंजा खरोखरच नव्हता. चिमूरची जागा त्या वर्षी काँग्रेसने रिपब्लिकन पक्षाला सोडली होती आणि उमेदवार होते प्रा. जोगेंद्र कवाडे. पुढे मी वर्गात राजकीय आघाड्यांचा धडा शिकवायला उभा राहिलो की पुस्तकातल्या व्याख्येआधी मला ते म्हातारबाबा आठवत.

श्रोतेहो, आघाड्या का टिकत नाहीत, असे आपण सहज विचारतो आणि नेत्यांचा अहंकार, सत्तेची हाव अशी उत्तरेही सहज देतो. ती खोटी नाहीत. पण अहंकारी नेते टिकाऊ आघाड्यांतही असतात. तेव्हा कारण आणखी कुठे तरी असले पाहिजे. ते शोधायला चंद्रपूर-गडचिरोलीसारखा मुलूख नाही, कारण इथे जवळजवळ प्रत्येक प्रकारची आघाडी होऊन गेली आहे.

आधी १९९८ चेच बघू. त्याच्या दोन वर्षे आधी, १९९६ मध्ये, महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी भाजपला १८ आणि शिवसेनेला १५ मिळाल्या. काँग्रेस १५ वर आली. राज्यातही १९९५ पासून युतीचे सरकार होते, म्हणजे एरवी सत्तेत असणारा काँग्रेस पक्ष इथे विरोधी बाकावर बसला होता. दरम्यान रिपब्लिकन गटांचे ऐक्य झाले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली आणि दलित वस्त्यांतला राग गावोगाव पोचला. शरद पवारांनी काँग्रेस, एकत्र झालेला रिपब्लिकन पक्ष आणि समाजवादी पक्ष यांची आघाडी बांधली. निकाल सर्वांना चकित करणारा लागला. काँग्रेस ३३, रिपब्लिकन ४, शेकाप १ आणि युती अवघी १०. विदर्भातल्या तर अकराच्या अकरा जागा आघाडीने घेतल्या. चंद्रपुरातून नरेश पुगलिया आले आणि शेजारच्या चिमूरमधून प्रा. कवाडे.

त्या चार रिपब्लिकन जागांकडे नीट पाहायला हवे. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले आणि चिमूरमधून कवाडे. चारही मतदारसंघ खुले होते, राखीव एकही नव्हता. नामांतराच्या मागणीसाठी १९७९ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादेकडे लाँग मार्च नेणारा हा माणूस झाडीपट्टीतल्या खुल्या मतदारसंघातून निवडून येतो, याचा अर्थ कुणबी, तेली, माळी, ढिवर, गोंड अशा कितीतरी घरांतून त्याला मते पडली. आमच्याकडे गावातली वस्ती टोल्याटोल्यांनी वसलेली असते आणि एका टोल्याचे मत दुसऱ्या टोल्याच्या माणसाला पडणे ही साधी गोष्ट नाही. माझ्या दृष्टीने त्या निवडणुकीची कमाई ही होती. चार खासदार त्यापुढचे.

आता यातले गणित. आपल्याकडे ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून येतो, अर्ध्याहून अधिक मते मिळालीच पाहिजेत असे नाही. शंभरांपैकी एकाला ४०, दुसऱ्याला ३५ आणि तिसऱ्याला २५ मते पडली, तर चाळीसवाला खासदार होतो आणि साठ मते वाया जातात. म्हणून पस्तीसवाला आणि पंचवीसवाला एकत्र येतात. इथपर्यंत सगळ्यांना कळते. अडचण पुढे आहे. पंचवीसवाल्याची मते पस्तीसवाल्याकडे वळतातच असे नाही आणि उलट दिशेने तर त्याहून कमी वळतात. दलित मतदार पंजावर शिक्का मारायला वर्षानुवर्षे सरावलेला होता. काँग्रेसच्या मतदाराला रिपब्लिकन पक्षाची खूण शोधायची सवय कधी लागलीच नव्हती. मोठ्या पक्षाची मते लहान मित्राकडे वळणे हीच आघाडीची खरी कसोटी असते. १९९८ मध्ये ती वळली, म्हणून ते वर्ष वेगळे.

यात वेळेचाही हिशेब आहे. १९९६ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यापासून मतदानापर्यंतचा किमान काळ वीस दिवसांवरून चौदा दिवसांवर आला. जागावाटपाचे भांडण बहुतेक वेळा अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या तासापर्यंत चालते. म्हणजे अमुक गावच्या माणसाला "यंदा आपली खूण ही नव्हे, ती" हे सांगायला हाती उरतात पंधरवड्याचे दिवस. पुण्या-मुंबईत ते पुरतात. गडचिरोलीहून सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. भामरागड-एटापल्लीकडच्या काही केंद्रांवर मतदान पथके हेलिकॉप्टरने न्यावी लागतात आणि नक्षलवादी हिंसाचाराच्या भीतीने गडचिरोली जिल्ह्यातले मतदान गेल्या अनेक निवडणुकांत दुपारी तीन वाजताच आटोपले आहे. अशा मुलखात चौदा दिवसांत नवी खूण पोचवायची, तर गावोगाव आपली माणसे आधीपासून असावी लागतात. ती ज्याच्याकडे असतात त्याला आघाडीची फारशी गरज नसते. ज्याला आघाडीची गरज असते त्याच्याकडे ती नसतात.

तर ही १९९८ ची लोकसभा मार्चमध्ये अस्तित्वात आली. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार एका मताने पडले, त्यानंतर काही दिवसांतच ती विसर्जित झाली. तेरा महिने. मे महिन्यात पवारांची काँग्रेसमधून हकालपट्टी झाली, १० जूनला राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष जन्माला आला. रिपब्लिकन ऐक्यही पुन्हा विस्कटले. आठवले राष्ट्रवादीबरोबर गेले, आंबेडकर आपल्या भारिप-बहुजन महासंघातर्फे अकोल्यातून आले. सप्टेंबरमध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही निवडणुका एकत्र झाल्या. पंजा आणि घड्याळ समोरासमोर उभे. लोकसभेत दोन्ही काँग्रेसच्या मतांची बेरीज राज्यात एक्कावन्न टक्क्यांच्या आसपास होती आणि युतीची अडतीस. जागा मात्र युतीला २८ आणि दोन्ही काँग्रेसना मिळून १६. चंद्रपूर पुगलियांनी राखले. चिमूर भाजपचे नामदेवराव दिवठे यांच्याकडे परत गेले, १९९६ मध्येही तेच निवडून आले होते.

यापुढची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. ज्या दोन काँग्रेसनी सप्टेंबरात एकमेकांना पाडले, त्यांनीच ऑक्टोबरात शेकाप, जनता दल, रिपब्लिकन अशांना बरोबर घेऊन विलासराव देशमुखांचे सरकार बनवले. आणि ही आघाडी, कुरबुरी करत का होईना, २०१४ पर्यंत पंधरा वर्षे चालली! माणसे तीच, अहंकार तेच, खुर्च्यांची ओढही तीच. फरक एवढाच की आता वाटून घेण्यासारखे काही तरी हातात होते. मंत्रिपदे, महामंडळे, जिल्ह्याचे पालकमंत्रिपद, कार्यकर्त्यासाठी एखादी समिती. सरकारात असलेल्या आघाडीला नाराज माणसाची समजूत रोजच्या रोज घालता येते. विरोधातल्या आघाडीला वाटायला फक्त उमेदवाऱ्या असतात, त्याही पाच वर्षांतून एकदा. एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ असतात आणि प्रत्येकात आमदारकीचे किमान तीन इच्छुक. लोकसभेला मित्रपक्षासाठी राबलेल्या त्या अठरा जणांना निकालानंतर तुम्ही काय देणार? विधानसभेला तेच अठरा जण एकमेकांसमोर अर्ज भरतात.

जुन्या आघाड्यांनाही हा ठोकताळा लावून बघा. १९७७ च्या जनता लाटेत महाराष्ट्रात काँग्रेसला २० आणि जनता पक्षाला १९ जागा मिळाल्या. शेकाप ५, मार्क्सवादी ३ आणि रिपब्लिकन पक्षाचा खोब्रागडे गट १. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे आपल्या चंद्रपूरचेच. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, त्या सोहळ्यामागेही तेच होते. त्यांचा गट आणीबाणीनंतर जनता पक्षाच्या बाजूने उभा राहिला. चंद्रपूरच्या जागेवर जनता पक्षाने अहेरीचे राजे विश्वेश्वरराव यांना उभे केले. नागविदर्भाच्या मागणीसाठी स्वतःची संघटना चालवणारे आदिवासी राजे आणि खूण भारतीय लोकदलाची, चक्रातला नांगरधारी शेतकरी. ते निवडून आले. आणि शेजारच्या चिमूरमध्ये, त्याच वर्षी, त्याच लाटेत, काँग्रेसचे कृष्णराव ठाकूर जिंकले.

पक्षाची लाट अहेरीत आली होती की राजांची? पुढच्या वर्षीच्या विधानसभेत जनता पक्ष ९९ जागा घेऊन राज्यात पहिला आला, पण विदर्भाने कौल दिला तो मुख्यतः इंदिरा काँग्रेसला. १९८० मध्ये चंद्रपूरची जागा काँग्रेसचे शांताराम पोटदुखे यांच्याकडे गेली ती पुढच्या तीन निवडणुकाही त्यांच्याकडेच राहिली. माझे मत असे की जनता पक्षाने इथे राजांची मते उसनी घेतली होती, स्वतःची कमावली नव्हती.

पुलोदचेही तसेच. १८ जुलै १९७८ ला शरद पवारांच्या नेतृत्वाखाली जनता पक्ष, शेकाप वगैरेंचे सरकार आले, ते आतून फुटले नाही. १७ फेब्रुवारी १९८० ला केंद्राने बरखास्त केले म्हणून गेले. हेच पुलोद १९८५ ची विधानसभा विरोधी आघाडी म्हणून लढले आणि पुढच्याच वर्षी पवार औरंगाबादेत काँग्रेसमध्ये परतले. संपले.

राजुरा आणि भद्रावतीकडची तऱ्हा थोडी निराळी. तिथे कापसाचा शेतकरी आणि शरद जोशींची शेतकरी संघटना. १९९० मध्ये संघटनेची माणसे जनता दलाच्या तिकिटावर विधानसभेला उभी राहिली. राजुऱ्यातून अॅड. वामनराव चटप आले, भद्रावतीतून अॅड. मोरेश्वर टेमुर्डे, जे पुढे विधानसभेचे उपाध्यक्ष झाले. दिल्लीत विश्वनाथ प्रताप सिंगांचे सरकार होते आणि जोशींना शेतीविषयक सल्लागार समितीचे अध्यक्षपद कॅबिनेट दर्जासह मिळाले होते. ते सरकार नोव्हेंबर १९९० मध्ये पडले. खुल्या बाजारपेठेचा आग्रह धरणारे जोशी आणि मंडलची भाषा बोलणारे जनता दल यांचे विचाराने जुळणारे असे फार थोडे होते. १९९४ मध्ये जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. २००४ मध्ये त्या पक्षाचा एकमेव आमदार राजुऱ्यातून आला, चटपच, पण या वेळी पक्ष शिवसेना-भाजपच्या बाजूला होता. कोणाला यात कोलांटउडी दिसेल. मला त्यात लहान पक्षाची गरज दिसते. स्वतःच्या तालुक्यात पक्की मते असलेल्या माणसाला तालुक्याबाहेर दरवेळी नवा सोबती शोधावा लागतो.

आमच्या जिल्ह्यांत आणखी एक गाठ आहे, तिच्याविषयी आघाडीच्या सभांत कोणी बोलत नाही. डाव्या-मध्यममार्गी पक्षांची बेरीज दलित, आदिवासी आणि ओबीसी अशा तीन समूहांवर उभी असते. गडचिरोली जिल्ह्यात जिल्हास्तरीय नोकरभरतीतले ओबीसींचे आरक्षण १९ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले आणि बरीच वर्षे तिथेच राहिले. पुढे २०१४ मध्ये अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशी पदे आदिवासींसाठी राखीव करणारी राज्यपालांची अधिसूचना निघाली. आदिवासी पोराच्या दृष्टीने तो त्याचा हक्क, कारण जंगल त्याचे, गाव त्याचे आणि कचेरीत साहेब मात्र बाहेरचा. कुणब्याच्या पोराच्या दृष्टीने मात्र गावातच नोकरीचे दार बंद झाले. दोघेही गरीब, दोघांचे वावर दोन-चार एकरांचे. दोघांची मते मागायला येणारा पक्ष एकच. त्याने काय बोलावे? २०१४ च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूर मतदारसंघात चोवीस हजारांहून अधिक मते 'नोटा'ला पडली. त्यात नक्षलग्रस्त भागातली नाराजी होती तशी ओबीसींचीही होती. नेत्यांची मने जुळली तरी ही गाठ सुटत नाही. ती सोडवायची तर निवडणूक नसलेल्या चार वर्षांत दोघांना एका सतरंजीवर बसवावे लागते आणि त्या चार वर्षांत आघाडीच जागेवर नसते.

अलीकडच्या प्रयोगांवरून लवकर पुढे जातो. २००९ मध्ये शिर्डीत पराभव झाल्यावर आठवले काँग्रेस आघाडीतून बाहेर पडले आणि रिपब्लिकन, शेकाप, कम्युनिस्ट, समाजवादी पक्ष, राजू शेट्टींचा स्वाभिमानी अशांची 'रिडालोस' झाली. आवळ्या-भोपळ्याची मोट, असे तेव्हा सगळेच म्हणाले. शेकापला ४, समाजवादी पक्षाला ४, मार्क्सवादी आणि स्वाभिमानी यांना एकेक जागा मिळाली. ज्यांनी मोट बांधली त्या आठवलेंच्या पक्षाला एकही नाही. म्हणजे ज्याचे जिथे घर होते तिथेच तो जिंकला. २०११ मध्ये आठवले शिवसेना-भाजपकडे गेले. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडी आणि एमआयएम यांची दोस्ती लोकसभेपुरती टिकली, विधानसभेआधी तुटली. त्या लोकसभेत गडचिरोली-चिमूरला भाजपचे अशोक नेते सत्त्याहत्तर हजारांच्या मताधिक्याने जिंकले आणि वंचितच्या उमेदवाराला लाखाहून अधिक मते होती. शेजारच्या चंद्रपुरातही वंचितने लाखाच्या वर मते घेतली, तरी तिथे काँग्रेसचे बाळू धानोरकर आले. राज्यात काँग्रेसची त्या वर्षीची ती एकमेव जागा. तेव्हा "मतविभागणीने हरलो" हे वाक्यही जपून वापरावे.

आणि २०२४. मे-जूनमध्ये महाविकास आघाडीने महाराष्ट्रात ३० जागा घेतल्या. गडचिरोली-चिमूरमधून डॉ. नामदेव किरसान एक लाख चाळीस हजारांहून अधिक, तर चंद्रपुरातून प्रतिभा धानोरकर अडीच लाखांहून अधिक मताधिक्याने आल्या. पुढे नोव्हेंबरात विधानसभा. दोन्ही जिल्ह्यांतल्या नऊ जागांपैकी आघाडीला किती मिळाल्या? दोन! ब्रह्मपुरी आणि आरमोरी. मधल्या सहा महिन्यांत लाडकी बहीण योजनेचे पैसे घरोघर पोचले, हे तर खरेच. पण इच्छुकांनी काय केले, हेही पाहिले पाहिजे. कुठे बंडखोर अपक्ष, कुठे मित्रपक्षाचा स्वतंत्र अर्ज. राजुऱ्यात तर सप्टेंबरात जन्मलेल्या 'परिवर्तन महाशक्ती' या तिसऱ्या आघाडीतर्फे चटप पुन्हा उभे होते. त्यांना पन्नास हजारांहून अधिक मते पडली आणि काँग्रेसचा उमेदवार भाजपकडून तीन हजारांच्या आसपास मतांनी हरला. त्या महाशक्तीतल्या बच्चू कडूंचा, राजू शेट्टींचा किंवा चटपांचा, कोणाच्याही पक्षाचा एक आमदार आला नाही.

अहेरीत त्या वेळी आघाडीची उमेदवारी शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडे होती. समोर अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे धर्मरावबाबा आत्राम आणि आघाडीची उमेदवार त्यांचीच मुलगी. काँग्रेसचा बंडखोर अपक्ष म्हणून वेगळा उभा. यंत्रावर घड्याळ होते, तुतारी वाजवणारा माणूस होता. पंजा नव्हता. तिथल्या एखाद्या केंद्रावर, दुपारी तीन वाजायच्या आत, कोणी तरी केंद्राध्यक्षाला तोच प्रश्न विचारला असेल आणि त्यालाही उत्तर देता आले नसेल.